सोयाबीनच्या तेलातून संप्रेरके: पर्सी ज्युलियन यांची पेटंटे

पर्सी लॅव्हन ज्युलियन (१८९९–१९७५) या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे आहेत. कागदाला लेप देण्याचे प्रथिन, आग विझवणारा फेस, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके, कॉर्टिसोनच्या कुळातली औषधे इतका त्यांच्या कामाचा पसारा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाचा कच्चा माल एकच आहे: सोयाबीन. यांतले महत्त्वाचे पदार्थ ज्युलियन यांच्या आधीच माहीत झालेले होते. प्रोजेस्टेरॉन युरोपात शोधले गेले होते, त्याची रचनाही ठरली होती. पण ते मिलिग्रॅमने मिळत होते आणि रुग्णांना किलोने हवे होते. ज्युलियन यांचे आयुष्यभराचे काम या दोन मापांमधल्या अंतरात झाले.

अशा कामाचे पेटंट बहुधा पदार्थावर नसते, तो बनवण्याच्या रीतीवर असते. कोणत्या कच्च्या मालापासून सुरुवात करायची, कोणता द्रावक वापरायचा, तापमान किती ठेवायचे, कोणत्या टप्प्यावर काय गाळून घ्यायचे, हे त्या विषयातल्या जाणकाराला वाचून करता येईल इतक्या तपशिलाने लिहून द्यावे लागते. त्या बदल्यात ठरावीक काळ ती रीत वापरण्याचा हक्क फक्त पेटंटधारकाकडे राहतो. अमेरिकेत त्या काळी हा अवधी पेटंट मंजूर झाल्यापासून १७ वर्षांचा होता. भारतीय वाचकाला हा फरक जवळचा वाटेल. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले आणि फक्त प्रक्रियेवर ठेवले. २००५ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेत देशातले औषधनिर्माण वाढले ते तेच औषध दुसऱ्या रीतीने बनवण्याच्या कौशल्यावर. ज्युलियन हे त्या कौशल्याचे एका पिढीआधीचे मोठे उदाहरण म्हणता येईल.

ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात झाला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथे धड माध्यमिक शाळाही नव्हती, त्यामुळे १९१६ मध्ये इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात दाखल झाल्यावर त्यांना महाविद्यालयाच्या अभ्यासाबरोबर शाळेचे राहून गेलेले विषयही पुरे करावे लागले. १९२० मध्ये ते वर्गात पहिले आले. पुढे हार्वर्डमधून १९२३ मध्ये एम.ए. झाले. गोऱ्या विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय शिक्षक चालणार नाही, या सबबीवर तिथे त्यांना अध्यापन साहाय्यकाचे काम मिळाले नाही आणि डॉक्टरेटची वाट बंद झाली. ती त्यांनी व्हिएन्नात पुरी केली. एर्न्स्ट श्पेथ हे वनस्पतींतल्या अल्कलॉइडांचे त्या काळचे अग्रगण्य अभ्यासक होते. त्यांच्या हाताखाली १९३१ मध्ये ज्युलियन पीएच.डी. झाले.

व्हिएन्नातला त्यांचा सहकारी योसेफ पिकल त्यांच्याबरोबर अमेरिकेला आला. दोघांनी डीपॉमध्ये फायसोस्टिग्मीन या अल्कलॉइडाची संपूर्ण जुळणी हाती घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बियांत हे विष असते. आरोपी खरा की खोटा हे ठरवण्यासाठी तिथे त्या बिया खायला देत असत. डोळ्यांचे डॉक्टर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते काचबिंदूवर वापरत होते, कारण त्याने बाहुली आकुंचन पावते आणि डोळ्यातला दाब उतरतो. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन याच रेणूच्या मागे होते आणि त्यांच्या गटाचे निबंध आधी प्रसिद्ध झाले होते. ज्युलियन आणि पिकल यांच्या हाती आलेला मधला पदार्थ रॉबिन्सन यांच्या वर्णनाशी जुळेना. वितळणबिंदू वेगळे येत होते. साध्या महाविद्यालयातल्या एका तरुण संशोधकाने जगन्मान्य प्राध्यापकाच्या निष्कर्षाला लेखी आव्हान द्यायचे म्हणजे नाव कायमचे जाण्याचा धोका होता. ज्युलियन यांनी तो पत्करला आणि १९३५ मध्ये जुळणी पूर्ण करून आपलेच बरोबर असल्याचे दाखवले. हे काम पेटंटचे नव्हते, विद्वत्तेचे होते. पण पुढच्या सगळ्या पेटंटांचे बीज त्याच शेंगेत होते: कॅलाबार बियांच्या तेलात काही काळाने पांढरे स्फटिक खाली बसलेले त्यांना दिसले. तो पदार्थ म्हणजे स्टिग्मास्टेरॉल. आडोल्फ विंडाउस यांनी १९०६ मध्ये तो याच बियांतून वेगळा केला होता.

स्टेरॉल म्हणजे कार्बनच्या चार वलयांचा सांगाडा असलेले, मेणकट, पाण्यात न विरघळणारे पदार्थ. प्राण्यांत कोलेस्टेरॉल असते, वनस्पतींत सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल. शरीरातल्या लैंगिक संप्रेरकांचा आणि अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांचा सांगाडाही हाच; या सगळ्या कुळाला स्टेरॉइड म्हणतात. म्हणजे वनस्पतीने वलये आयती बांधून दिलेली असतात, रसायनशास्त्रज्ञाला शेपटी छाटायची आणि इकडेतिकडे एखादा ऑक्सिजन बसवायचा एवढेच उरते. हे ‘एवढेच’ फार कठीण आहे, पण चार वलये कोऱ्या कागदापासून जुळवण्याच्या मानाने कितीतरी सोपे. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी १९३४ च्या सुमाराला स्टिग्मास्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन करता येते हे दाखवून दिले होते. त्याआधी त्यांनी नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन मिळवले ते ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून, आणि हाती आले अवघे २० मिलिग्रॅम. कॅलाबार बियाही काही टनांनी मिळणाऱ्या नव्हेत. स्टिग्मास्टेरॉल स्वस्तात कुठे मिळेल, हा प्रश्न ज्युलियन यांच्या डोक्यात तेव्हापासून होता, आणि उत्तर सोयाबीनकडे बोट दाखवत होते.

फायसोस्टिग्मीननंतरही डीपॉने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावातल्या कागद रसायन संस्थेत नेमणूक होऊ घातली होती. कृष्णवर्णीय माणसाने गावात रात्र काढण्यास मनाई करणाऱ्या जुन्या नियमाने तीही अडली. त्या संस्थेच्या संचालक मंडळावर ग्लिडन कंपनीचे एक उपाध्यक्ष होते. रंग आणि वार्निश बनवणाऱ्या या कंपनीने शिकागोत सोयाबीनचा विभाग उघडला होता. ज्युलियन यांनी प्रयोगासाठी सोयातेल मागवायला ग्लिडनशी पत्रव्यवहार केला होताच. १९३६ मध्ये कंपनीने त्यांना सोया विभागाचे संशोधन संचालक नेमले. मोठ्या अमेरिकी उद्योगात एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाकडे प्रयोगशाळेची सूत्रे जाणे ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. विद्यापीठांनी दार लावले म्हणून एक माणूस कारखान्यात गेला आणि औषधनिर्मितीला त्याचा फायदा झाला, असे त्याकडे पाहता येते. पण विद्यापीठांनी काय गमावले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

कारखान्यातले वास्तव रसायनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा राकट होते. सोयाबीनमधून तेल काढण्याच्या जुन्या रीतीत दाणे दाबून तेल पिळतात, आणि बरेच तेल पेंडीत राहून जाते. द्रावकाच्या रीतीत दाण्यांचे पातळ पापुद्रे करून ते हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवतात. तेल द्रावकात उतरते, द्रावक उडवून पुन्हा वापरतात. लातूर, अकोला भागातल्या सोया कारखान्यांत आजही मूळ तत्त्व हेच आहे. हेक्झेनची वाफ मात्र भयंकर ज्वालाग्राही. ऑक्टोबर १९३५ मध्ये ग्लिडनचा शिकागोतला कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला होता आणि त्यात कामगार मेले होते. नव्या कारखान्याच्या उभारणीत ज्युलियन यांनी लक्ष घातले.

तेल निघाल्यावर उरलेल्या पेंडीत निम्म्याच्या आसपास प्रथिन असते. ती तोवर गुरांच्या पुढ्यात जात होती. ज्युलियन यांचे पहिले मोठे औद्योगिक यश या प्रथिनाचे आहे. चकचकीत छपाईच्या कागदाला मातीचा लेप देतात, आणि तो लेप कागदाला धरून राहावा म्हणून चिकट पदार्थ लागतो. त्यासाठी दुधातले केसीन वापरत. ते बरेचसे अर्जेंटिनाहून येई आणि त्याचा भाव सतत वरखाली होई. सोयाप्रथिन त्याची जागा घेऊ शकेल हे उघड होते, अडचण ते शुद्ध आणि न बिघडलेले मिळवण्यात होती. तेल काढलेली पेंड सौम्य अल्कलीत मुरवली की प्रथिन द्रवात उतरते. चोथा वेगळा करून द्रव आम्लाने जरा आंबट केला की लिंबू पिळलेले दूध फाटावे तसे प्रथिन साकळून खाली बसते. उष्णता जास्त झाली किंवा अल्कली तीव्र पडली तर प्रथिनाची चिकटण्याची ताकद जाते. मोठ्या टाक्यांत हे सगळे काबूत ठेवून रोज एकाच दर्जाचा माल काढणे हेच खरे संशोधन होते. ग्लिडनचे हे प्रथिन केसीनपेक्षा स्वस्त पडले आणि कागदाच्या लेपात, पाण्यात कालवायच्या रंगांत वापरले जाऊ लागले. सोयातेलातले लेसिथिन वेगळे काढून चॉकलेटसारख्या पदार्थांत घालण्यासाठी विकणे हाही याच विभागाचा धंदा झाला.

या प्रथिनाला दुसऱ्या महायुद्धात वेगळेच गिऱ्हाईक मिळाले. विमानवाहू जहाजावर पेट्रोल पेटले तर पाणी उपयोगाचे नाही, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरत जाते. सोयाप्रथिनाचे रासायनिक विघटन करून केलेला द्राव पाण्यात मिसळून हवेबरोबर फवारला की घट्ट, टिकाऊ फेस होतो. तो पेटत्या इंधनावर पसरतो आणि हवेचा संबंध तोडतो. ‘एअरोफोम’ या नावाच्या अशा फेसासाठी ग्लिडनचे प्रथिन लागले. अमेरिकी नौसैनिक त्याला ‘बीन सूप’ म्हणत. फेसाचा हा माल तयार करून विकणारी कंपनी वेगळी होती, त्यामुळे संपूर्ण श्रेय ज्युलियन यांच्या नावावर टाकणे योग्य नाही. त्यांनी पुरवले ते प्रथिन, पण त्या प्रथिनावाचून तो फेस झाला नसता. जहाजांवरच्या आणि विमानतळांवरच्या आगीत या फेसाने पुष्कळ जीव वाचवले.

स्टेरॉलचा शोध या व्यापाराच्या पाठीमागे चालूच होता. कच्च्या सोयातेलात स्टेरॉल असतात, पण हजार किलो तेलात तीन किलोच्या आसपास. इतके थोडे द्रव्य इतक्या तेलातून परवडेल अशा खर्चात कसे काढायचे? याचा धागा अपघाताने हाती लागला. शुद्ध केलेल्या सोयातेलाच्या एका लाख गॅलनच्या टाकीत पाणी झिरपले आणि तळाशी पांढरट राडा साठला. कारखान्याच्या लेखी ते तेलाचे नुकसान होते. ज्युलियन यांनी तो पांढरा पदार्थ तपासला आणि डीपॉत कॅलाबारच्या तेलात पाहिलेल्या स्फटिकांचीच ही जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पाण्याच्या संपर्काने तेलातले जड घटक फुगून खाली बसतात आणि आपल्याबरोबर स्टेरॉल ओढून नेतात. म्हणजे सगळे तेल ढवळत बसायचे कारण नाही. शुद्धीकरणात जो गाळ वेगळा होतोच, त्यातच स्टेरॉल दाट होऊन बसलेले असतात.

त्यापुढची रीत स्टेरॉलच्या एका गुणावर उभी आहे. गाळावर अल्कली टाकली की तेलाचा साबण होतो, स्टेरॉलचा होत नाही. ही साबणी राशी योग्य द्रावकाने धुतली की साबण मागे राहतो, स्टेरॉल द्रावकात जातात, आणि द्रावक थंड केला की स्फटिक मिळतात. यात बारकावा साबणाच्या अवस्थेचा आहे. साबण चिकट गोळा होऊन बसला तर द्रावक आत शिरत नाही, म्हणून तो भुसभुशीत आणि सच्छिद्र राहील अशा प्रकारे घडवावा लागतो. स्टेरॉल परत मिळवण्याच्या रीतीचे त्यांचे पेटंट १९४० मध्ये मंजूर झाले. त्यात कोणता नवा रेणू नाही, चमत्कारिक अभिक्रिया नाही. तेलगिरणीचा गाळ औषध कारखान्याचा कच्चा माल झाला, ही त्या पेटंटाची सगळी किमया. ज्युलियन यांच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पेटंट कोणते, असे विचारले तर हेच सांगावे लागेल, कारण बाकीची स्टेरॉइडांची पेटंटे याच्या खांद्यावर उभी आहेत.

मिळालेल्या मिश्र स्टेरॉलमध्ये स्टिग्मास्टेरॉल साधारण पाचवा हिस्सा असते, उरलेले मुख्यतः सिटोस्टेरॉल आणि कॅम्पेस्टेरॉल. तिघांचा सांगाडा एकच, आणि तरी प्रोजेस्टेरॉनला उपयोगी पडते ते स्टिग्मास्टेरॉलच. त्याच्या लांब शेपटीत एक दुहेरी बंध असतो, बाकी दोघांच्या शेपटीत तो नसतो. ओझोन वायू दुहेरी बंधावर हल्ला करून रेणू तिथेच तोडतो. म्हणून स्टिग्मास्टेरॉलची शेपटी नेमक्या जागी छाटता येते. पण एक दुहेरी बंध वलयातही असतो, आणि ओझोनला या दोहोंत फरक कळत नाही. त्यावर उपाय असा की आधी वलयातल्या बंधावर ब्रोमिनचे दोन अणू बसवून तो झाकून ठेवायचा, ओझोनकडून शेपटी तोडून घ्यायची, आणि मग जस्ताच्या साहाय्याने ब्रोमिन काढून टाकायचे. बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेतली ही वाट ज्युलियन यांच्या गटाने कारखान्यात आणली. काचेच्या चंबूत ओझोन वापरणे आणि रोज ४०–५० किलो स्टेरॉलवर तो सोडणे यांत मोठा फरक आहे. ओझोनने तयार होणारे मधले पदार्थ स्फोटक असतात.

१९४० मध्ये ग्लिडनने सोयाबीनपासून केलेल्या प्रोजेस्टेरॉनचा पहिला पौंड अपजॉन या औषध कंपनीला पाठवला. त्याची किंमत ६३,५०० डॉलर धरली होती आणि तो सशस्त्र पहाऱ्यात रवाना झाला. त्या आकड्याला एक पार्श्वभूमी आहे. स्टेरॉइड संप्रेरकांची पेटंटे तेव्हा शेरिंग, सीबा, ऑर्गॅनॉन अशा मोजक्या युरोपीय कंपन्यांकडे होती आणि त्यांनी आपसांत बाजार वाटून घेतला होता. युद्ध पेटल्यावर युरोपचा पुरवठा आक्रसला. अशा वेळी अमेरिकेत, तेलगिरणीच्या गाळापासून, त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाने संप्रेरक बनवणे ही नुसती तांत्रिक घटना नव्हती. गर्भपाताचा धोका असलेल्या स्त्रियांना आणि मासिक पाळीच्या विकारांत डॉक्टर तेव्हा प्रोजेस्टेरॉन देत. पुरवठा वाढला तशी किंमत उतरली आणि हे औषध श्रीमंतांच्या पलीकडे पोचू लागले. ग्लिडनमध्ये पुढे टेस्टोस्टेरॉनही तयार होऊ लागले.

स्टेरॉइडांचा खरा गाजावाजा १९४९ मध्ये झाला. रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले, आणि ते रुग्ण उठून चालू लागले. एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांनी अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसोन आणि त्याच्या कुळातली संप्रेरके वेगळी केली होती. १९५० चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले. मात्र हेंच यांना मिळालेले कॉर्टिसोन मर्क कंपनीने गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून तीसेक पायऱ्यांच्या जुळणीने बनवले होते आणि त्याची किंमत ग्रॅमला २०० डॉलर होती. जगभरचे आमवाताचे रुग्ण त्यासाठी डॉक्टरांकडे धाव घेत होते आणि तेवढे पित्त कुठल्याच खाटिकखान्यात नव्हते.

ज्युलियन यांनी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहिले. कॉर्टिसोनच्या सांगाड्यात अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन असतो आणि तिथे तो बसवणे हाच सगळ्यात अवघड भाग. राइखश्टाइन यांनी अधिवृक्क ग्रंथीतून ‘पदार्थ-एस’ नावाचे आणखी एक स्टेरॉइड वेगळे केले होते. ते कॉर्टिसोनसारखेच, फक्त अकराव्या जागेचा ऑक्सिजन त्यात नाही. ज्युलियन, एडविन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाच्या स्टेरॉलपासून पदार्थ-एस करण्याची रीत बसवली. प्रोजेस्टेरॉनच्या वाटेवरच्या एका मधल्या पदार्थात सोळाव्या आणि सतराव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आणायचा, त्यावर ऑक्सिजनचा छोटा त्रिकोण बांधायचा, हायड्रोजन ब्रोमाइडने तो उघडायचा, आणि मग निकेलच्या साहाय्याने ब्रोमिन काढून टाकायचे. सतराव्या कार्बनवर हवा तसा, हव्या त्या बाजूने ऑक्सिजन बसतो. चार-पाच सोप्या क्रिया, स्वस्त रसायने, भरपूर उत्पन्न. ज्युलियन यांच्या नावावरचे कॉर्टिसोन तयार करण्याच्या रीतीचे पेटंट १९५६ मध्ये मंजूर झाले.

वृत्तपत्रांनी मात्र तेव्हा ‘ज्युलियन यांनी कॉर्टिसोन स्वस्त केले’ असे छापले, आणि अजूनही अनेक ठिकाणी तेच लिहिले जाते. ते पूर्ण खरे नाही. पदार्थ-एस स्वतः आमवातावर चालत नाही. अकराव्या जागेचा प्रश्न शेवटी सूक्ष्मजीवांनी सोडवला. अपजॉनच्या ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरी यांनी १९५२ मध्ये जाहीर केले की ऱ्हायझोपस जातीची बुरशी प्रोजेस्टेरॉनवर अकराव्या जागी ऑक्सिजन एकाच पायरीत बसवते. पुढे फायझर कंपनीत कर्व्ह्युलेरिया ही बुरशी पदार्थ-एसचे सरळ हायड्रोकॉर्टिसोन करते असे दिसून आले. या दोन्ही वाटांना कच्चा माल लागत होता तो टनांनी मिळणारे प्रोजेस्टेरॉन किंवा पदार्थ-एस, आणि दोन्ही पदार्थ बनवण्याच्या किफायतशीर रीतींत ज्युलियन यांचा हात होता. स्वस्त कॉर्टिसोनमागे एक माणूस नाही, प्रयोगशाळांची साखळी आहे. ज्युलियन हे तिच्यातला एक भक्कम दुवा होते. हे सांगितल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

याच वर्षांत त्यांच्या घरावर हल्ले झाले. शिकागोजवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत ज्युलियन दांपत्याने १९५० मध्ये घर घेतले. राहायला जाण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ते पेटवण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये आवारात डायनामाइट फेकण्यात आले. त्याच १९५० साली एका शिकागोच्या वृत्तपत्राने त्यांना वर्षाचा मानकरी शिकागोकर ठरवले होते. कुटुंब तिथेच राहिले.

ग्लिडनमधल्या सर्व पेटंटांवर शोधक म्हणून ज्युलियन आणि सहकाऱ्यांची नावे आहेत, हक्क मात्र कंपनीचा. नोकरीत लागलेला शोध मालकाला सुपूर्द करण्याचा करार हा तेव्हाही आणि आजही उद्योगाचा नेहमीचा रिवाज आहे. तोवर स्टेरॉइडांच्या धंद्याचा नकाशा बदलला होता. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या जंगली रताळूवजा कंदांत डायोस्जेनिन नावाचे द्रव्य विपुल असल्याचे शोधले होते आणि १९४४ मध्ये तिथे सिंटेक्स कंपनी उभी राहिली होती. डायोस्जेनिनची शेपटी तोडायला ओझोन लागत नाही, आणि मिळणारा मधला पदार्थ पदार्थ-एसच्या वाटेवरच बसतो. या कंदांपुढे सोयाचे स्टिग्मास्टेरॉल महाग पडू लागले. ग्लिडनने स्टेरॉइडांतून अंग काढून घ्यायचे ठरवले. ज्युलियन यांनी १९५३ च्या अखेरीला वार्षिक सुमारे ५०,००० डॉलरची नोकरी सोडली आणि फ्रँकलिन पार्क इथे स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली. ग्लिडनमधले अनेक रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर आले. स्वतःच्या सोया पेटंटांकडे पाठ फिरवून त्यांनी कंद पत्करला, यात त्यांची व्यावहारिक नजर दिसते.

कंद मिळणे मात्र सोपे नव्हते. त्यांनी मेक्सिकोत कारखाना उभारला, पण तिथे कंद गोळा करण्याचा परवाना त्यांना मिळेना. पैसा अडकला, कंपनी बुडायच्या बेताला आली. १९५६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सिंटेक्सच्या मक्तेदारीची चौकशी झाली, तेव्हा ज्युलियन यांनी साक्ष दिली. अखेर वाट निघाली ती ग्वाटेमालातून. व्हिएन्नाच्या दिवसांतले त्यांचे एक परिचित, ज्यांना नाझींच्या तडाख्यातून सुटायला ज्युलियन यांनी मदत केली होती, त्यांनी तिथे तसेच कंद मिळतील असे सांगून शोधमोहीम काढली आणि कंद सापडले. कंपनी सावरली. एका पदार्थाचे उत्पन्न चौपट करण्याची युक्ती सापडल्यावर ज्युलियन यांनी त्याचा भाव किलोला ४,००० डॉलरवरून ४०० वर आणला. १९६१ मध्ये त्यांनी कंपनी स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंचला २३ लाख डॉलरला विकली. त्यांची उमेद त्यानंतरही टिकून होती. १९६४ मध्ये ज्युलियन संशोधन संस्था काढून ते काम करत राहिले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. त्या अकादमीत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये अमेरिकेच्या शोधकांच्या राष्ट्रीय नामावलीत त्यांचे नाव घेतले गेले.

कंदांचे राज्य फार टिकले नाही. १९७० च्या दशकात मेक्सिकोने त्यांचा व्यापार सरकारी ताब्यात घेतला, भाव चढले आणि कंपन्या पुन्हा सोयाबीनकडे वळल्या. अपजॉनने स्टिग्मास्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन करण्याची वाट सोडलेलीच नव्हती. त्यात आता नवी भर पडली ती मायकोबॅक्टेरियम कुळातल्या जिवाणूंची. ते सिटोस्टेरॉलची शेपटी खाऊन टाकतात आणि सांगाडा तसाच ठेवतात. ज्या सिटोस्टेरॉलच्या शेपटीवर ओझोनचा काही इलाज चालत नव्हता आणि जे ज्युलियन यांच्या काळात बाजूला पडत होते, तेच या रीतीने अँड्रोस्टीनडायोन या पदार्थात बदलते. स्टेरॉइड औषधांचा फार मोठा भाग आज त्यापासून सुरू होतो. वनस्पती तेलांच्या शुद्धीकरणातल्या उरलेल्या भागातून स्टेरॉल वेगळे काढणे ही त्या सगळ्या प्रक्रियांची पहिली पायरी आहे.